हँडब्रेक ओढू नये

आमच्या बिल्डिंगच्या बाजूच्या बोळात भिंतीवर लाल रंगात लिहिलं आहे: ‘गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. हँडब्रेक ओढू नये. हुकुमावरून.’ हुकूम कोणाचा ते लिहिलेलं नाही, पण तो उन्मेष सबनीसचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उन्मेष आमचा सेक्रेटरी. त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे गाड्यांचे नियम करायला त्याला भरपूर वेळ मिळतो.

नियम मात्र रास्त आहे. दादर पूर्वेच्या आमच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये पार्किंग म्हणजे हा बोळ. एकामागे एक सहा गाड्या उभ्या असतात. आतल्याला निघायचं असलं की पुढच्या गाड्या हाताने ढकलून रस्त्यावर काढायच्या, आपली काढायची आणि त्यांच्या परत आत लोटायच्या. बोळाला फाटकाकडे जरा उतार आहे, म्हणून चाकाखाली एकेक वीट. हँडब्रेक ओढून निघून जाणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. एका भाडेकरूने एकदा ओढला होता, तर त्या वर्षी सत्यनारायणाच्या प्रसादाला त्याला कोणी बोलावलं नाही.

अशा बोळात स्पोर्ट्स कार आणायचं तिसऱ्या मजल्यावरच्या रघुवीर कर्णिकांनी ठरवलं, तेव्हा पहिली हसले ती मी.

रघुवीररावांना मी चाळीस वर्षं ओळखते. सरळ माणूस. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. वडील गोदीच्या कचेरीत कारकून, हे विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर. जन्मभर या माणसाने गाड्या पाहिल्या त्या ठोकलेल्याच. कुठली गाडी कुठून चेपते ते तोंडपाठ. चालवायला कशी, ते विचारलं की गप्प. रिटायर झाले, गिरगावातली मावशीची खोली विकून हातात काही आलं आणि एका रविवारी बायकोला म्हणाले, “मला गाडी घ्यायचीय.”

“कुठे जायचंय?” कालिंदीने विचारलं.

“कुठे नाही.”

“मग गाडी कशाला?”

“चालवायला.”

कालिंदी तडक खाली माझ्याकडे आली. “मनू, ह्यांना काहीतरी झालंय गं,” म्हणाली.

झालं होतं ते गुडघ्याला. डावा गुडघा पार झिजला होता. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आज ना उद्या बदलावा लागेल. तोवर क्लचची गाडी शक्यतो टाळा. रघुवीररावांनी त्यातला ‘शक्यतो’ तेवढा ऐकला. हा पाय वळतोय तोवर एकदा मनासारखी गाडी चालवायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी मजा करून ठोकलेल्या गाड्यांचे कागद पाहिल्यावर माणसाला एवढं वाटू नये? मला हसू आलं होतं खरं, पण मग वाईटही वाटलं.

पण आमच्याकडे कोणाचीही इच्छा एकट्याची राहत नाही. गच्चीवर मीटिंग बसली. विषय: कर्णिकांनी जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी की नवी. हजर सभासदांपैकी स्पोर्ट्स कारमध्ये कधी बसलेले: कोणी नाही. त्यामुळे चर्चा अतिशय ठामपणे झाली. उन्मेष मोबाइलवर व्हिडिओ पाहून आला होता.

“काका, नवीच घ्या. जर्मन. झिरो टू हंड्रेड चार सेकंदांत! काय पिकअप आहे, बॉस!”

“शंभर करू कुठे?” रघुवीररावांनी शांतपणे विचारलं. “परळ टीटीच्या गर्दीत?”

“तो प्रश्न नाही. कपॅसिटी पाहिजे.”

त्यांचा मुलगा यशोधन पवईहून व्हिडिओ कॉलवर होता. तोही नव्याच्या बाजूने. “बाबा, ऑटोमॅटिक आहे, गुडघ्याला त्रास नाही. लेन सुटली तर गाडी स्वतःच सांभाळते. तुम्हाला काही करावंच लागत नाही.”

“तेच तर,” रघुवीरराव म्हणाले. “मला करायचंय.”

त्यांच्या मनात एक जुनी जपानी गाडी होती. अठरा वर्षांची, दोन सीटांची, कापडी छत हाताने मागे टाकायचं, गिअर हाताने बदलायचे. म्हणाले, “नव्या गाडीला मजा यायला शंभर लागतात. हिला तिसाला येते.” यावर उन्मेष असा हसला, की माझाच हात शिवशिवला.

तरी मुलाचं मन राखायचं म्हणून नव्या गाडीची ट्रायल ठरली. रविवारी सकाळी शोरूमचा माणूस ती घेऊन आला. निळी, बसकी, डोळे वटारलेली. रघुवीरराव एक चक्कर मारून आले. कशी आहे विचारलं तर म्हणाले, “छान आहे. मी नसतो तरी तिचं काही अडलं नसतं.” मग गाडी बोळात लावून, किल्ली खिशात टाकून, शोरूमवाल्याला घेऊन वर चहाला गेले. कालिंदीने साबुदाणा वडे केले होते.

नेमकं तेव्हाच मला अँटॉप हिलला बहिणीकडे निघायचं होतं. माझी गाडी आत, ही पुढे. वीट काढली, उन्मेषला हाक मारली, दोघांनी जोर लावला. गाडी ढिम्म. आणखी चौघे आले. ‘जोर लगा के’ झालं. तेवढ्यात गाडीने भोंगा काढला. असा, की समोरच्या बिल्डिंगमधले लोक टॉवेलवर गॅलरीत आले.

रघुवीरराव एकेक पायरी गुडघा सांभाळत तीन मजले उतरेपर्यंत भोंगा चालू. मागून तोंडातला वडा संपवत शोरूमवाला आला.

“हँडब्रेक कोणी ओढला?” उन्मेष गरजला.

“सर, ओढावा लागत नाही. गाडी बंद केली की आपोआप लागतो,” तो अभिमानाने म्हणाला. “सेफ्टी फीचर. तुमच्या परवानगीशिवाय कोणी एक इंच ढकलू शकत नाही.”

‘कोणी ढकलू शकत नाही’ ही गोष्ट कोणी कौतुकाने सांगेल, असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं.

“मग ही आमच्या काय कामाची?” उन्मेष म्हणाला. कपॅसिटीचा विषय तिथे संपला.

पुढच्या आठवड्यात जुनी लाल जपानी गाडी आली. उन्मेषने तिची ट्रायल घेतली, म्हणजे एका हाताने ढकलली. “अहाहा, काय चालते!” म्हणाला. बाकीच्यांनीही ढकलून पाहिली आणि निवड उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. इंजिन कसं आहे, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. कालिंदी तेवढी फुगून बसली. ती गाडीला डबा म्हणायची. “तुमचा तो डबा,” “डब्याचा वास येतो शर्टाला.” वर्षभरात एकदाही आत बसली नाही.

मी बसले. एका रविवारी सकाळी रघुवीररावांनी मला लालबागच्या पुलावरून फिरवून आणलं. सीट इतकी खाली, की बसची चाकं खांद्याशी येत होती. सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने वाकून विचारलं, “अंकल, ऊपर का ढक्कन किधर गिरा?” रघुवीरराव हसले नाहीत. त्यांचं लक्ष कामात होतं. पूल सुरू झाला, क्लच दाबला, गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकला, आणि गाडी अशी काही उचलली गेली की मी पर्स घट्ट धरली. काट्याकडे पाहिलं तर पस्तीस. पस्तीस! आणि तो बटणबंद माणूस गालातल्या गालात हसत होता. मला त्यांचा हेवा वाटला, उगाच कशाला लपवू? घरी आल्यावर मात्र ते दहा मिनिटं गाडीतच बसून गुडघा चोळत होते.

शेवटी गुडघ्याने हात टेकले. परळला ऑपरेशन झालं, नीट झालं. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज सांगायची, काका, जिना उतरा, पाय वाकवा. काकांनी नाही ऐकलं. दुखतं म्हणायचे. खुर्ची गॅलरीत टाकून खाली बोळाकडे बघत बसायचे. गाडी उभी राहून बॅटरी उतरली. आम्ही ती रोज सकाळी पुढे ढकलायचो, परत मागे ढकलायचो, आणि ते वरून बघायचे. बोलणंही कमी झालं. यशोधन म्हणाला, बाबा, विकून टाकू का? तर म्हणाले, “टाक.”

हे ‘टाक’ ऐकलं त्या दिवशी कालिंदी माझ्याकडे येऊन रडली. वर्षभर डब्याच्या नावाने बोटं मोडणारी बाई! मी तिला तोंडावर म्हटलं, “आता का? सुटलीस की.”

“हा माणूस घरात चाळीस वर्षं बसलेलाच पाहिलाय गं मी,” ती म्हणाली. “जिना धावत उतरताना पाहिला तो या डब्यापायी. तो गेला तर हे कशासाठी उतरतील?”

गिऱ्हाईक शनिवारी आलं. लोअर परळच्या टॉवरमधला सम्यक नावाचा तरुण, पांढरे बूट, अगदी नम्र. यशोधन त्याला घेऊन बोळात आला. आम्ही सगळे होतोच. यशोधनने वर हाक मारली, “आई, किल्ली टाक गं.” कालिंदी खाली आली आणि म्हणाली, “किल्ली सापडत नाहीये.”

“हरकत नाही, जरा उजेडात घेऊ,” सम्यक म्हणाला. उन्मेषने वीट काढली आणि एक हात लावला. गाडी हलली नाही. दुसरा हात लावला. मग सगळ्यांनी लावले. मागची चाकं जमिनीला चिकटल्यासारखी. आत डोकावून कोणी पाहिलं नाही. हँडब्रेकचा संशय घेणं म्हणजे शेजाऱ्याच्या चारित्र्यावर संशय घेण्यासारखं होतं. आणि सम्यकच्या काय, यशोधनच्याही गाडीत ती दांडी नसते.

“जाम झालीये,” सम्यक हळहळला. “जुन्या गाड्यांचं असंच. उभ्या राहिल्या की संपल्या.”

“कोण म्हणतं जाम?”

आवाज वरून आला. आम्ही मान वर केली तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. जिन्यात काठीचा ठक-ठक आवाज, मध्ये एक “आई गं,” पुन्हा ठक-ठक. ऑपरेशननंतर दवाखान्याशिवाय कशालाही न उतरलेला माणूस घामाघूम होऊन बोळात उभा राहिला. काचेवरची धूळ त्यांनी बाहीने पुसली आणि आत पाहिलं.

उन्मेषनेही पाहिलं. “हँडब्रेक!” त्याचा आवाज चिरकला. “कोणी ओढला? भिंतीवर ढळढळीत लिहिलेलं असताना?”

कालिंदी माझ्या मागे उभी होती. तिने शांतपणे कनवटीची किल्ली काढून नवऱ्यापुढे धरली.

“मी,” ती म्हणाली. “लिहा माझं नाव नोटीस बोर्डवर.”

रघुवीरराव किल्लीकडे बघत होते, मग बायकोकडे, मग पुन्हा किल्लीकडे. त्यांनी दार उघडलं, काठी माझ्या हातात दिली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि क्लचवर ठेवला. दाबला. ओठ आवळले, पण गुडघा वाकला.

“बॅटरी गेलीय, अंकल,” सम्यक म्हणाला. “चालू नाही होणार.”

“ती नवी गाडी धक्क्याने झाली नसती,” रघुवीरराव म्हणाले. “उन्मेष, धक्का मार.”

कालिंदी पलीकडून येऊन पहिल्यांदाच त्या सीटवर बसली. पदर सावरला. “मी ओढलाय, मीच सोडते,” म्हणाली आणि दांडी खाली केली.

आम्ही ढकललं. सगळ्यांनी: मी, उन्मेष, बापाची गाडी विकायला आलेला यशोधन, पांढऱ्या बुटांचा सम्यकही. उताराला गाडी लागली, रघुवीररावांनी क्लच सोडला, गाडीने एक गचका खाल्ला, खोकली आणि सुरू झाली. फाटकाशी क्षणभर थांबून ती डावीकडे वळली. माझ्या एका हातात काठी, दुसरा हात धुळीने काळा. भिंतीपलीकडून पहिल्या गिअरमध्ये किंचाळणारं इंजिन ऐकू येत होतं, आणि त्याच्याही वर कालिंदीचा आवाज:

“अहो, दुसरा टाका की आता, ओरडतेय ती!”