जळक्या कॉइलचा वास

"टाका ती बिडी, न्हाईतर दुकानच पेटवते!" मेस्त्रीची बायको ओरडत होती.

ओतूरच्या स्टँडमागे हा मेस्त्री विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करतो. एके काळी दारू, गांजा आणि झोपेच्या गोळ्या हा त्याचा चौरस आहार होता. त्याला चावलेले डाससुद्धा भिंतीला धडकत घरी जायचे. शेवटी बायकोनं त्याला लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढवल्या आणि नारळावर हात ठेवून तिन्ही सोडायची शपथ घ्यायला लावली. त्यानं ती पाळली. बिडीला काय कुणी नशा म्हणतं व्हय? उलट तलफ आली की बायकोच बंडल पुढं करायची. "ही ओढा, पण तिकडं जाऊ नका." गाव म्हणालं, माणूस सुधारला.

पूर्वी चार शिवारं पलीकडं मोटार जळाली, तरी हा वासावरून मालकाचं नाव सांगायचा. आज माझी मोटार त्यानं खोलली, कॉइलवर वाकला आणि धाप लागून खालीच बसला. मग कॉइल माझ्या नाकापुढं धरली.

"भाऊ, तुमीच बघा. जळाल्याचा वास येतोय का?"

करपट वासानं माझे डोळे चुरचुरत होते. छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी बिडीनं फुप्फुसं करपल्याचं सांगितलं होतं, ते त्याच्या बायकोनं तेव्हाच मला सांगितलं. तेवढ्यात त्यानं बिडी पेटवली आणि ती ओरडायला लागली.

ओरडून दमल्यावर ती रडत म्हणाली, "त्या तिन्ही सुटल्या, मग ही का सुटंना?"

त्यानं श्वास गोळा केला.

"शपथंत बिडी नव्हती."