पांढरीवरचा तडा

मी मुळात तापट माणूस. त्यात सरकारने मला मातीच्या एका टेकाडावर पहारेकरी म्हणून बसवलं, मग काय विचारता! ऐंशी सालानंतरची ती वर्षं. चोपड्याहून तापीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, त्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. गावाच्या खालच्या अंगाला, नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठावर, तीन पुरुष उंचीचं ते टेकाड. गाव त्याला पांढर म्हणायचं. आमच्या खात्याच्या निळ्या पाटीवर मात्र लिहिलेलं होतं की हे संरक्षित स्मारक आहे आणि इथली माती काढणे गुन्हा आहे. त्या पाटीच्या खांबाला बायका बकऱ्या बांधत.

पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती. हजारो वर्षांपूर्वी इथे लोक राहिले, त्यांची घरं पडली, त्यावर पुन्हा घरं उठली, चुलींची राख, शेण, खापरं सगळं थरावर थर साचत गेलं. मी येण्याआधी कॉलेजातल्या लोकांनी तिथे एक सरळ चर खणला होता. त्यांचे सर एकदा परत आले तेव्हा त्यांनी मला चरात उतरवलं आणि भिंतीतला एक काळा पट्टा दाखवला. ती चूल होती. चुलीच्या मातीवर लिंपणाऱ्या बाईची बोटं उमटलेली होती, चार बोटं, स्पष्ट. मी त्यावर माझी बोटं ठेवून पाहिली. त्या दिवसापासून मी बिघडलो. त्या टेकाडाला कोणी ढेकूळ मारलं तरी मला ते माझ्याच अंगावर बसल्यासारखं व्हायचं.

आणि गावाला नेमकी तीच माती हवी असायची. आमच्या खान्देशात घरं धाब्याची. लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, काड्या-काटक्या पसरायच्या आणि वर वीतभर माती दाबून सपाट छप्पर करायचं. काळी माती वाळली की फाटते आणि पावसात गळते. पांढरीची राखट माती फाटत नाही. म्हणून दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी धाब्यावर नवा थर चढायचा, भिंती लिंपल्या जायच्या, माहेरी येणाऱ्या लेकींसाठी घर नीटनेटकं व्हायचं. ही माती आणण्याचं काम बायकांचं.

त्या बायकांची म्होरकी एक अक्का होती. साठीची, उंच, हाडापेराने मोठी, दात मिश्रीने काळे. तिने पांढरीला हळदकुंकू वाहून पहिली कुदळ मारल्याशिवाय कोणी मातीला हात लावायचं नाही. त्यांची रीत ठरलेली होती. वरून सुरुवात करायची, पायऱ्या पाडत खाली यायचं, पोटात कधी शिरायचं नाही. आणि एक म्हातारी टेकाडाच्या माथ्यावर उभी राहायची. ती खणायची नाही, मातीची पाटी उचलायची नाही, फक्त पायाखालची जमीन बघत राहायची. जमिनीला केसभर रेघ दिसली की ती हाक मारायची आणि सगळ्या खालून बाजूला व्हायच्या. याला त्या राखण म्हणत. मला वाटे, म्हातारीला काम झेपत नाही म्हणून उभी केलीय. काय शहाणा होतो मी!

पहिली दोन वर्षं मी नुसता ओरडत राहिलो. बायका हसायच्या, पाट्या भरायच्या, निघून जायच्या. तिसऱ्या वर्षी मात्र मी हट्टाला पेटलो. वरच्या कार्यालयाला इतकी पत्रं लिहिली की त्यांनी कंटाळून सिमेंटचे खांब आणि काटेरी तार पाठवली. रस्त्याच्या बाजूने, उताराच्या बाजूने, जिथून जिथून बायका चढत तिथे सगळीकडे मी उभा राहून तार ओढून घेतली. पोलीसपाटलाला घेऊन चार घरांत जाऊन दमही दिला. साहेब तपासणीला आले तेव्हा छाती काढून सांगितलं की आता एक पाटीसुद्धा माती जात नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, तुम्हाला नोकरीत कायम करण्याचं बघतो.

तार लागली त्याच आठवड्यात अक्का आली. पाटीच्या खांबाशी उभी राहिली, तारेला हात लावून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, वरतीन माती लिधी ते पांढर ढासयत नही. तू आमले खाले लोटी ऱ्हायना."

वरून माती घेतली तर पांढर ढासळत नाही, मीच त्यांना खाली लोटतोय, असं ती सांगत होती आणि मी तिला कायदा ऐकवला. कलम वगैरे मला धड माहीत नव्हतं, पण आवाज मोठा होता. ती गेली.

तारेने तीन बाजू बंद झाल्या. चौथी बाजू नाल्याची. तिथे टेकाडाचा कडा सरळ खाली उतरायचा, तिथे तार लावायला जागाच नव्हती. मी दुपारी जेवून झोपायचो तेव्हा बायका नाल्याच्या वाळूतून येऊ लागल्या आणि कड्याच्या पायथ्यातून माती काढू लागल्या. तिथेच सगळ्यात राखट, सगळ्यात चांगला थर. पण तिथे वरून खाली खणता येत नाही, आत शिरावं लागतं. आणि माथ्यावर राखण उभी करावी तर ती मला दिसणार. म्हणून त्यांनी राखण बंद केली.

हे सगळं मला कळलेलं होतं. खोटं कशाला बोलू? वाळूत पावलं दिसायची, सांडलेली राखट माती दिसायची. एकदा नाल्यात उतरून पाहिलं तर पायथ्याशी माणूस वाकून आत जाईल एवढं भोक पडलेलं. त्याच संध्याकाळी महिन्याचा अहवाल लिहायचा होता. त्यात अनधिकृत खोदकामाचा एक रकाना असे. मी तिथे लिहिलं, नाही. ज्याचं टेकाड पोखरलं जातंय त्या पहारेकऱ्याला कोण कायम करणार? शिवाय साहेबांसमोर मारलेली फुशारकी होतीच. पुढच्या महिन्यातही लिहिलं, नाही.

चैत्रात ऊन तापलं तेव्हा माथ्यावर फिरताना मला तडा दिसला. नाल्याच्या कड्यापासून आठ पावलं आत, कड्याला समांतर, जवळजवळ टेकाडाच्या रुंदीभर गेलेला. बोट जाईल एवढा. कॉलेजच्या सरांनी शिकवलं होतं तसं मी तड्यावर ओल्या मातीच्या तीन पट्ट्या आडव्या लावल्या. पट्टी तुटली तर तडा सरकतोय असं समजायचं. चार दिवसांनी तिन्ही तुटलेल्या. मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं की टेकाडाला तडा गेला असून कड्याला दगडी आधार देणं गरजेचं आहे. कारण म्हणून लिहिलं, नैसर्गिक झीज. हे दोन शब्द मी फार विचार करून निवडले. उत्तर आलं नाही.

मग मी भ्यायला लागलो. आता म्हणाल, बायकांना सांगून टाकायचं की वर तडा गेलाय. बरोबर. पण सांगायचं म्हणजे त्या खाली खणतात हे मला माहीत आहे असं कबूल करायचं, आणि गावात बोललेली गोष्ट साहेबांपर्यंत जायला एक तपासणी पुरे. मी मनाशी म्हणालो, आखाजी होऊ दे, मातीची गरज संपेल, मग सगळं आपोआप थांबेल. दुपारी झोपायचं सोडून मी माथ्यावर जाऊन बसू लागलो. मला बसलेलं पाहून त्या येणार नाहीत अशी माझी अक्कल.

अशाच एका दुपारी मी कड्याजवळ, तड्याच्या पलीकडे बसलो होतो. वारा पडलेला. आणि मला बुडाखाली ठोके जाणवले. आवाज नव्हता, नुसते ठोके. दोन, तीन, मग थांबणं, मग पुन्हा. माझ्या खाली कोणीतरी कुदळ चालवत होतं. नाल्यातून येणाऱ्यांना मी दिसतच नव्हतो आणि मला त्या दिसत नव्हत्या. मी काय केलं असेल? हाक मारली? नाही. मी हळूच उठलो, तडा ओलांडून अलीकडे आलो आणि खात्याच्या पाटीपाशी जाऊन बसलो. माझा जीव मी नीट सांभाळला. या एका गोष्टीची लाज मला आजही झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का विहिरीच्या वाटेवर भेटली. डोक्यावर हंडा होता. मी तिला आडवा गेलो आणि म्हणालो, "अक्का, नाल्यातून माती नेणं आजपासून बंद करा."

तिने कारण विचारलं, "काब्रं?"

तोंडात आलेलं होतं. तडा हा एक शब्द म्हणायचा होता. ती बाई चाळीस वर्षं तडे ओळखत आलेली, तिला दुसरा शब्द लागलाच नसता. तिथल्या तिथे तिने सगळ्यांना थांबवलं असतं आणि उलट मलाच शिकवलं असतं की कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही. मी म्हणालो, "कायदा आहे."

ती हसली. "कायदा ते दरसाल शे," म्हणाली आणि हंडा सावरत पुढे गेली.

आखाजीला चार दिवस होते. सकाळचे दहा वाजले असतील, मी रस्त्यावरच्या टपरीत चहा घेत होतो. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. धान्याचं पोतं कोणी खाली ठेवावं एवढाच. टपरीवाल्याने मानही वर केली नाही. मग नाल्याकडून पांढरी धूळ उठली आणि उठतच राहिली. मला कळलं. मी कप कुठे ठेवला ते आठवत नाही, मी नाल्याकडे धावत सुटलो.

टेकाडाचा नाल्याकडचा अख्खा भाग, माझ्या तड्यापर्यंत मोजून, खाली बसला होता. तीन बायका पाट्या डोक्यावर घेऊन बाहेर पडल्या होत्या म्हणून वाचल्या. त्या वाळूत बसून ऊर बडवत होत्या. दोघी आत होत्या. अक्का आणि तिच्या शेजारची एक सून.

गाव धावून आलं. फावडी, कुदळी, हात, जे मिळेल त्याने आम्ही उपसत होतो. ज्या मातीची पाटीभर चोरी मला खपत नव्हती ती मी घमेल्याने नाल्यात फेकत होतो. लाल खापरं, काळ्या रेघांची नक्षी असलेली, अखंड रांजणाची तोंडं, सगळं फावड्याखाली फुटत होतं आणि मी ते लाथेने बाजूला सारत होतो. मला एकाचंही काही वाटलं नाही. सून अर्ध्या तासात सापडली, पाय मोडलेला, पण श्वास चालू. अक्का सापडायला ऊन डोक्यावर आलं. ती सगळ्यात आत होती. कुदळ हातातच होती. तिच्या पदराने आम्ही तिच्या तोंडावरची माती पुसली, तेव्हा बायकांमधून कोणीतरी एकदाच हंबरडा फोडला.

साहेब जीप घेऊन दुसऱ्या दिवशी आले. कड्याचे फोटो काढले, फीत लावून मापं घेतली. मी हात बांधून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी फाइल उघडली आणि माझं पत्र काढलं. म्हणाले, तुम्ही तर आधीच कळवलेलं होतं, नैसर्गिक झीज असं स्पष्ट लिहिलंय, तुमच्यावर काही येत नाही. खात्याने लावलेली तार होती, पाटी होती, अहवालात खोदकाम नाही. बायका बेकायदा आत शिरल्या. कागदावर सगळं बसलं. पावसाळा संपायच्या आत माझा कायम होण्याचा हुकूम आला.

गाव मला एका शब्दानेही बोललं नाही. उलट मी कसा हाताने माती उपसत होतो हे लोक एकमेकांना सांगत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर मी अक्काच्या घरी गेलो. जायची हिंमत नव्हती, न जायचीही नव्हती. तिची लेक धुळ्याला दिलेली, आखाजीला म्हणून यायची ती तीन दिवस आधी आली होती. धाब्यावरचा थर अर्धाच झालेला, कोपऱ्यात वाळलेल्या मातीची पाटी तशीच. लेकीने मला पाट दिला, चहा ठेवला. मग चुलीकडे बघतच तिने विचारलं, "भाऊ, वर तडा गयेल होता, लोक म्हनतस. तुमले माहीत होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

तिने मान डोलावली. "मी बी बठ्ठा गावले तेच सांगस. माहीत ऱ्हातं ते तुम्ही मायले सांगेल ऱ्हातं."

तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मी तो सगळा प्यायलो.