‘ले’चा ‘ला’

आता हे सांगावे की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. पण पवनीत ते आधीच सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तुमच्यापासून लपवण्यात काय अर्थ? तुम्ही चहा घ्या, मी सांगतो.

माझ्या काकांचे पवनीला कोसा साड्यांचे दुकान आहे, ‘भोंगले कोसा भांडार’. दुकान गल्लीत आत. बाहेरगावचे गिऱ्हाईक आता मोबाइलवरूनच येणार, म्हणून लग्नसराईच्या तोंडावर काकांनी सगळी भिस्त वेबसाइटवर ठेवली होती. ती करत होतो मी, नुकताच संगणकशास्त्रात एम.एस्सी. झालेला, आणि त्यांची मुलगी पल्लवी.

आम्हा दोघांची कोड लिहिण्याची तऱ्हा वेगळी. मी दुहेरी अवतरणचिन्हे देतो, ती एकेरी. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम देतो. ती आठवला तर. म्हणून मी लिंटर बसवला. लिंटर म्हणजे कोड वाचून नियमाबाहेरची प्रत्येक जागा लाल करणारा, आणि सांगितल्यास ती स्वतःच दुरुस्त करणारा प्रोग्राम.

“दादा, एवढ्याशा अर्धविरामासाठी कायले एवढा खटाटोप?” पल्लवी म्हणाली.

“सुसंगती हवी.”

“तुले त जेवताना पोळ्या बी एका मापाच्या लागतेत.”

इथे मी थांबलो असतो, तर आज सांगायला काही उरले नसते. पण साड्यांची माहिती काकूंनी लिहिली होती: ‘ही साडी नवरीले शोभते, सासूले बी चालते.’ माझ्या मनात आले, कोडला शिस्त आहे तर मजकुराला का नको? शब्दाच्या शेवटी ‘ले’ दिसला की त्याचा ‘ला’ करावा, असा नियम मी लिंटरला दिला.

तुम्ही म्हणाल, अरे, मग ‘केले’चे ‘केला’ होईल. मी इतका बेसावध नाही. केले, गेले, विणले, आपले, चांगले, असे सगळे शब्द मी विचारपूर्वक वगळले. मग लिंटर चालवला. सगळे हिरवे, एकही चूक नाही. वर दुकानाच्या पाटीचे छायाचित्र होते, ते नीट पाहिले. खालचा मजकूर कशाला वाचायचा? तो लिंटरने वाचला होता ना. रात्रीच वेबसाइट सुरू करून टाकली.

सकाळी दुकानात पहिला फोन आला. सगळ्यांना ऐकू यावा म्हणून काकांनी तो स्पीकरवर घेतला.

“हॅलो, भोंगळा कोसा भांडार काय जी?”

काकांनी आधी स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिले. “कोन बोलून राहिले?”

“कोंढ्यावरून बोलतो. मोबाइलवर तसंच लिवलं हाय. कपड्याचं दुकान अन् नाव भोंगळा, म्हून म्हटलं इचारून त पाहू.”

पल्लवीने घाईने वेबसाइट उघडली. पत्त्यावर ठळक अक्षरांत होते, ‘भोंगला कोसा भांडार’. अंगावर चिंधी नसलेल्या माणसाला आमच्याकडे भोंगळा म्हणतात. ‘ल’ आणि ‘ळ’ एवढ्या फरकासाठी वाचताना कोण थांबतो?

“काका,” मी पुटपुटलो, “आडनाव वगळायचे राहिले.”

काकांनी मला हातानेच गप्प केले आणि फोनवर म्हणाले, “आमच्या अंगावर कपडे हायेत जी. तुम्ही या त खरं.”

पलीकडचा माणूस हसत सुटला. दुपारी तो नवरीसकट सगळे घर घेऊन आला आणि लग्नाचा अख्खा बस्ता आमच्याकडेच बांधला. जाताना म्हणाला, “नाव बदलू नका, ध्यानात राहते.” काका इतके खूश, की मला रागवायचेच विसरले.

मला हायसे वाटले. तेवढ्यात पल्लवी म्हणाली, “दादा, पार खाली पाह्य.”

खाली मीच हौसेने लिहिलेली ओळ होती: ‘मांडणी: निखिल भोंगला, एम.एस्सी.’

काकूंनी ती वाचली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “साऱ्या गावाले कपडे घालाले गेला, अन् सोता डिगरीसकट भोंगळा उभा राहिला.”

त्या वाक्यात ‘ले’ दोनदा आला होता. मी दोन्ही तसेच राहू दिले.