आरती मध्येच थांबवली तेव्हा

जर्मनीतल्या एका ऑपेरा हाऊसमध्ये मी सहायक कंडक्टर आहे. वादक आणि गायकांसमोर उभं राहून हातांनी लय सांभाळायची, हे माझं काम. गेल्या गणपतीत जबलपूरला घरी गेले, तर मराठी मंडळाच्या अध्यक्षकाकांनी माझा सत्कार ठरवला. काका तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले.

"तू वाजवते काय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. हात हलवते."

"अन् पगार?"

"मिळतो."

काकांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "अच्छा. चलो, आजची आरती तूच सांभाळ."

झांज काकांकडेच होती. पहिल्या ओळीपासून ते सुटीचा भोंगा झाल्यासारखे पळत सुटले आणि बाकीचे मागून धापा टाकत. माझ्याकडे कोण बघणार? सगळ्यांचे डोळे भक्तीने मिटलेले. मी टाळी वाजवून आरती थांबवली.

आई कानाशी कुजबुजली, "काहून थांबवली? पाप लागते."

"बाप्पा दरवर्षी हे ऐकून राहिला, त्याचं पाप कोणाला?"

झांज खाली ठेवायला लावून मी हळू आवाजात पुन्हा सुरुवात करून दिली. पहिलं कडवं छान झालं. त्यात आईचा आवाज मला आयुष्यात पहिल्यांदा वेगळा ऐकू आला, खालचा, भरीव. दुसऱ्या कडव्यात मात्र मंडळी गळू लागली. हिंदीत वाढलेल्या तरुण मंडळींना शब्दच येत नव्हते. इतकी वर्षं झांजेआड नुसते ओठ हलत होते. तिसऱ्यात आई आणि काका दोघंच उरले, आणि काकांनी सरळ शंकराच्या आरतीत उडी मारली.

लोक हसले. काकांनी झांज उचलली. "तिकडेबी असंच थांबवते काय तू?"

"रोज."

"अन् लोक तिकीट काढून येतात?"

आरती पुन्हा दणक्यात सुरू झाली. मी झांजेच्या मागेमागे हात हलवत राहिले. मोठा गायक लय सोडून पळाला की तिकडेही हेच करते, फक्त सांगत नाही कोणाला.

रिक्षात आईला म्हटलं, "तुझा आवाज फार चांगला आहे."

"मग त्यांना झांज काहून उचलू दिली?" ती म्हणाली.