रंग गेल्यानंतरचं पाणी

"डोळ्यावर जाऊ नका. डोळा फसतो, नोडी, बघा," असं म्हणत अक्का पाण्याचा ग्लास पांढऱ्या कापडासमोर धरायच्या, आणि आधी डोळ्यांनीच बघायच्या. कर्नाटकात कडकोळला आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात त्या केमिस्ट होत्या. माहेर म्हैसूरच्या जुन्या शिंप्यांचं. मराठी बोलता बोलता कन्नडात कधी शिरल्या हे त्यांनाही कळत नसे. स्वभाव मोठा कडक. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, जी जवळ असली की आपण जरा नीट वागतो.

रंगाचं वापरलेलं पाणी शुद्ध करायला मालकांनी ओझोनचं यंत्र आणलं. पहिल्याच दिवशी लालभडक पाणी सगळ्यांच्या देखत नितळ झालं. आम्ही हरखलो. मालकांनी पेढे वाटले.

अक्कांनी पेढा बाजूला ठेवला आणि मूठभर मूग त्या पाण्यात भिजत घातले. शेजारच्या वाटीत नळाचं पाणी आणि तसेच मूग.

"अक्का, उसळीचा बेत का?" मी चेष्टा केली.

"सुम्ने बसा," त्या म्हणाल्या. मी गप्प बसलो.

दोन दिवसांनी नळाच्या पाण्यातल्या मुगांना छान मोड आले. यंत्राच्या पाण्यातले नुसते फुगून पडले होते.

"नाल्याकडची झडप उघडायची नाही," त्यांनी मालकांना सांगितलं. "ओझोननं रंगाचे तुकडे केलेत. तुकडे पाण्यातच आहेत, दिसत नाहीत एवढंच. कॅटॅलिस्टचे दाणे भरा, मग ओझोनचा जोर वाढेल आणि तुकडेही जळतील."

"अहो, पाणी आरशासारखं झालंय."

"झालंय. पण ते खालच्या तळ्यात जातं. तुम्हाला उघडायचीच असेल तर आधी मला काढा."

मालकांनी कुरकुरत दाणे मागवले. ते येईपर्यंत टाक्या भरल्या, काम थांबलं, आम्ही घरी बसलो. 'नाकापेक्षा मोती जड' असं लोक त्यांच्या तोंडावर बोलले. नवरा गेलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. तरी त्या बधल्या नाहीत.

दाणे भरल्यावरही पहिल्यांदा मोड खुरटेच आले. अक्कांनी पाणी यंत्रात जास्त वेळ ठेवायला लावलं. मग एका सकाळी दोन्ही वाट्यांतले मोड सारखे दिसले आणि झडप उघडली.

सगळे खूश होते, अक्का कुठे दिसेनात. शोधत गेलो तर नाल्याच्या कडेनं चालत त्या तळ्यापर्यंत पोचल्या होत्या. त्या तिथून हलेनात, म्हणून मीही थांबलो. संध्याकाळी गावातली एक म्हैस पाण्यात उतरली आणि शांतपणे प्यायला लागली. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता कशाला रडता? सगळं ठीक झालं की," मी म्हणालो.

"माझं काही चुकलं असलं तर? त्या म्हशीला काही 'हे पाणी नको' असं म्हणता येत नाही हो."

मला त्या बाईबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. कारखान्यात नवा केमिस्ट आहे, चांगली यंत्रं आहेत, पाणी तपासलं जातं. झडप उघडल्यावर तळ्यापर्यंत मात्र कुणी चालत जात नाही.