चेंबरमधली जाळी

मी चौथीपर्यंत शिकलो. बाकी जे येते ते हातानं शिकलो. म्हणून मला कोणी शिकवायला आलं की डोकं तापते. सत्तरी गेली तरी तापते.

फुलचूरला रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज आहे. चार वर्षांमागं गोंदियातल्या एका राईस मिलच्या शेठनं तिथं मिलिटरीची जुनी जीप ओढून आणली. लिलावातली होती. रंग उडाला होता, पण चेसिस ठोकून पाहिली तर घंटीसारखी वाजली. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन मात्र कामातून गेलं होतं. ब्लॉकला बोट जाईल एवढी चीर होती. शेठचं सांगणं एवढंच होतं की बाहेरून गाडी पलटणीतून आली तशीच दिसली पाहिजे, आत काय बसवायचं ते तुम्ही पाहा, पण महाशिवरात्रीच्या जत्रेला मी तिच्यातच बसून आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड चढणार. हे काम जिल्ह्यात एकच माणूस करू शकते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. सांगणारा खोटं बोलला नव्हता.

भंगारातून एका मालवाहू पिकअपचं डिझेल इंजिन आणलं. ते जीपच्या इंजिनाहून जड आणि उंच. इंजिन ज्यावर बसते ते फाउंडेशन कापून नवे केले. समोरचे स्प्रिंगचे पाटे बदलले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली प्लेट माझ्या पोरानं कागदावर काढून लेथवर करून घेतली, ती पहिल्याच वेळी बसली. पोरगा म्हणजे तेव्हा तिशीचा माणूस. आयटीआय झाल्यापासून माझ्याच हाताखाली होता. गॅरेज पुढं तोच चालवणार, हे घरात सगळे धरून चालले होते. मी तोंडानं बोललो नव्हतो, आणि तो वाट पाहत होता. प्लेट बसली तेव्हाही मी काही बोललो नाही.

काम अडलं ते चेंबरपाशी. इंजिनाच्या बुडाला तेल साठायची परात असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. पिकअपच्या चेंबरचा खोल भाग समोर होता, आणि जीपचा पुढचा ॲक्सल नेमका तिथूनच जातो. म्हणून मी चेंबर कापलं, समोरून उथळ केलं आणि मागं खोल पोट वेल्ड केलं. आत तेल ओढणारी एक नळी असते, तिच्या तोंडाला जाळी. ती नळी मी आखूड केली आणि जाळी समोरच्या उथळ भागातच राहू दिली.

पोरगा म्हणाला, "बाबा, जाळी मागं न्या. गाडी चढावर लागली का तेल सारं मागं जाईल. जाळी उघडी पडंल."

नळी लांबवायची तर तिला जोड द्यावा लागते, आणि जोडातून हवा ओढली की पंप तेल ओढणं सोडते. माझी भीती खरी होती. तेवढं त्याला सांगितलं असतं तर दोघांनी मिळून काही काढलं असतं. पण मी चेंबर उचलून अंगणात सपाट जागी ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि तणसाची काडी उभी बुडवून दाखवली. जाळीवर दोन बोटं पाणी होतं. आमच्याकडं धानाच्या रोवणीआधी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, असंच पाहतात. काडी चारी कोपऱ्यांत सारखी बुडली की बांधी बरोबर.

"आपल्या घरानं तलाव बांधले," मी म्हणालो. "तुया आजा नुसत्या डोळ्यानं पान्याचा उतार सांगे. अन् तू मले पानी शिकवून राहिला?"

बाकड्यावर दोन ट्रकवाले चहा घेत बसले होते. त्यातला एक म्हणाला, "चला इंजिनिअर साहेब, आता रोवणीले." दुसरा हसला. मीही हसलो. पोरानं चेंबरमधलं पाणी ओतून दिलं, फडक्यानं कोरडं केलं आणि माझ्या म्हणण्याप्रमाणं जाळी तिथंच बसवली.

मग मी स्वतः गाडी चालवून पाहिली. आमगावला गेलो, गोरेगावला गेलो, दोनदा. इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं. त्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या आहेत, पुलाचा चढ सोडला तर उंचवटा नाही. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. जन्मभर सपाटीवर राहिलेला माणूस मी.

महाशिवरात्रीला माझी कंबर धरली होती, म्हणून पोरानं गाडी नेली. शेठ बाजूला बसला, डोक्याला फेटा बांधून. दुपारी फोन आला. मी गॅरेजची पिकअप घेऊन पोचलो तेव्हा जीप गडाच्या चढावर तिरपी उभी होती, मागच्या चाकाखाली दगड. इंजिन जाम झालं होतं. जत्रेची माणसं तिच्या बाजूनं वर जात होती, काही जण थांबून तिच्यासोबत फोटो काढत होती. शेठ फेटा काढून हातात घेऊन उभा होता.

"मिस्त्रीजी, ये क्या हुआ? आप तो बोले थे हाथी चढ जाएगा."

मी बोनेट उघडलं आणि तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल भरपूर होतं. मी चढाकडं पाहिलं, मग पट्टीकडं. तिथंच सारं कळलं. माझ्या बापानं पाहिलं असतं तर गाडी घरून निघायच्या आधीच त्याला कळलं असतं.

पोरगा माझ्या खांद्याजवळ उभा होता. पट्टी त्यालाही दिसत होती. मी फडक्यानं ती पुसून टाकली आणि शेठला ऐकू जाईल असं विचारलं, "तेल न पाहता चढवली काऊन?"

तो म्हणाला, "पाहिलं होतं, बाबा."

एवढंच बोलला. जाळीचं नाव त्यानं काढलं नाही. शेठ म्हणाला, जाने दो, अगली बार आप खुद चलाना. मी मान हलवली.

इंजिन मी एकट्यानं खोललं. खोलाल तेव्हा मला बोलवा, असं पोरानं जेवताना म्हटलं होतं. मी त्याला सासरी लग्नाला जाऊ दिलं आणि त्या दिवशी खोललं. बेअरिंगचा पत्रा वितळून क्रँकला चिकटला होता. क्रँक घासून आणला, बेअरिंग नवे टाकले. नळीला जोड देऊन जाळी मागच्या खोल पोटात नेली. पितळेचा जोड इतका साफ दिला की हवा काय, मुंगीही जाणार नाही. मग मी शेठला घेऊन गड चढलो. वर कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. तो मी घरी येईपर्यंत काढला नाही.

पोरगा त्या पावसाळ्याआधी रायपूरला गेला. तिथं एका शोरूमच्या वर्कशॉपात लागला. आईला म्हणाला, तिकडं काम लिहून देतात, कोणी काय केलं ते कागदावर राहते. ती मला हे सांगताना माझ्याकडं पाहत नव्हती.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. मागं गाड्यांचा आवाज येत होता. तब्येतीचं झालं, धानाचं झालं. मग विचारलं, "शेठची जीप चालते?"

"चालते."

"जाळी कुठं ठेवली, बाबा?"

"होती तिथंच," मी म्हणालो.

तो म्हणाला, आईले द्या फोन.

जीप वर्षातून दोनदा तेल बदलायला येते. हाताखाली आता दोन माणसं आहेत, कामाची आहेत. पण तिच्याखाली मीच शिरतो, कंबर कितीही दुखली तरी. ते चेंबर मी कोणाला खोलू देत नाही.