मूळ नसलेला नेचा

माझ्या बहिणीला शेवाळाने मारलं.

शेवाळ नाही, नेचा, पाण्यावर तरंगणारा. सुलूताई असती तर आधी थोबाडीत दिली असती, मग लॅटिन नाव पाठ करून घेतलं असतं.

आज दोन वर्षं झाली. सायबर कॅफेत बसून हे टाइप करता करता रडतोय, लोक बघतायत. बघू देत.

ताई सावंतवाडीला बॉटनी शिकवायची. मी मालवणात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. डोकं पहिल्यापासून तापट.

चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आमच्या गाईची पाडी गावच्या देवळामागच्या तळीत बुडून मेली. वरून हिरवंगार. तिला गवत वाटलं, पाय टाकला आणि खलास.

मी कोयता घेऊन पाण्यात उतरलो. सपासप. दिसेल ते कापत सुटलो.

सुट्टीला घरी आलेली ताई धावत आली.
"मेल्या, कोयतो टाक! ह्याका बी नाय, काय नाय. मोडलो की वाढता. एकाचे धा होतले!"

"गप रव गो! मुळासकट उपटतंय!"

"मूळच नाय त्याका, गाढवा! ता पान आसा!"

तिने माझा हात धरला. मी तिला ढकललं.

पायरीवर आपटली. कपाळ फुटलं, पाणी लाल झालं. रक्त बघूनसुद्धा मी आणखी दोन घाव घातले.

चार टाके पडले. टाक्यांसकट तिने मला शिकवलं. दोन पानं वर तरंगतात. तिसरं पाण्यात लोंबतं, चिरफाळून मुळासारखं दिसतं. वरच्या पानांवर लव असते, टोकाला ताकाच्या रवीसारखी. तीत हवा अडकते. बुडवून सोडलं की कोरडं ठणठणीत वर येतं.

पाऊस सरला तेव्हा तळी काठोकाठ भरली होती. नेच्याने.

मग दर रविवारी ताई गावी येऊन टोपली घेऊन तळीत उतरायची. न मोडता, अख्खं उचलायची, उन्हात वाळवायची. मला एका शब्दाने बोलली नाही. मी लाजेने तिकडे फिरकलो नाही.

त्या रविवारी तिचा पाय चिखलात रुतला.

तिची हाक ऐकून मी पोचलो तोवर तिच्यावरचा नेचा पुन्हा मिटला होता. सपाट हिरवं. अरे, कुठे उडी मारू?

"ताई गो, खंय आसस?"

दोन्ही हातांनी फाडत सुटलो. दातांनीसुद्धा.

अर्ध्या तासाने सापडली.

काल तळीवर गेलो. पुन्हा गच्च भरलीय. तिला शोधताना मी जेवढं फाडलं, तेवढं सगळं जगलं.

लोक म्हणतात, नशीब. नशीब कसलं बोडक्याचं! मी कापलं, म्हणून तिला उतरावं लागलं.

ताई, तुझ्या भावाची श्रद्धांजली.
माफी मागायला तोंड नाही.